डबीवाल्या महाराजांचा कौल

गुरुवार उजाडला की लिंबोळ्याच्या माळावर जीपगाड्यांची रांग लागायची. घनसावंगीकडून येणाऱ्या, अंबडकडून येणाऱ्या, आत कोंबलेली माणसं, टपावर माणसं, मागच्या फळीला लोंबकळणारी माणसं. माळाच्या उंचवट्यावर पत्र्याचं एक शेड, शेडपुढं मांडव, मांडवात सतरंज्या आणि सतरंज्यांवर माना उंच करून बसलेली गर्दी. शेडच्या दाराला भगवा पडदा. पडद्याआड भुजंगनाथ महाराज. लोक त्यांना डबीवाले महाराज म्हणत.

पडदा वर झाला की मांडव गप्प व्हायचा.

"वाट सांग!" महाराज गरजायचे.

समोरचा माणूस हात जोडून सांगायचा, "महाराज, हैदराबादला चाललो. साडूकडं."

"वाट कळली. आता देवी पुढं अन् मी मागं!"

पडदा खाली. आतून घंटा, धुपाचा लोट. हातातला चहा निवेपर्यंत बाहेर कुणी हलायचं नाही. मग पडदा पुन्हा वर आणि महाराज डोळे मिटून बोलायचे, "तलावाच्या काठी जा. बसायला बाकडी आहेत. शेवटच्या बाकड्यामागं लोखंडी खांब. खांबाच्या पोटात हात घाल. देवीनं तुझ्यासाठी डबी ठेवलीय. आतली एक वस्तू घे, आपली एक ठेव. चिठ्ठीवर नाव लिही. डबी होती तशी लपव. अन् घेताना कुणी बघितलं तर फळ गेलं!"

आणि डबी सापडायची. नवल ते हेच होतं. ताईत देणारे, अंगारा देणारे, नारळातून फुलं काढणारे लोकांनी पुष्कळ पाहिले होते, पण ते सगळं समोर, हाताच्या अंतरावर. हे महाराज लिंबोळ्याच्या माळावर बसून हैदराबादच्या खांबाच्या पोटातलं सांगत होते. एकाला गोव्यात किल्ल्याच्या भिंतीत डबी सापडली. एकाच्या भाच्याला थेट दुबईत, खजुरीच्या बुंध्याशी. कुणाच्या डबीत मणी निघाला, कुणाच्या बिल्ला, कुणाच्या परदेशी नाणं. ती वस्तू लोक देव्हाऱ्यात ठेवत, गळ्यात बांधत.

मात्र डबी सगळ्यांना मिळत नसे. कुणाकुणाला महाराज सांगत, "तुझ्या वाटेवर डबी नाही. पाप आड आलंय." आणि ज्या दिवशी गावातला मोबाईलचा टॉवर बंद पडे, त्या दिवशी नेमकं महाराजांचं मौन असे. या दोन गोष्टी लोकांच्या डोळ्यांसमोर होत्या. पण सापडलेल्या डबीनं डोळे दिपले होते.

मांडवात बायकांच्या बाजूला उषाबाई बसली होती आणि तिचे डोळे महाराजांवर नव्हते. ते पुढच्या रांगेतल्या सोनूबाईच्या गळ्यावर होते.

सोनूबाई तिची धाकटी जाऊ. दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत. उषाबाईची आठवण मोठी दांडगी होती आणि त्या आठवणीत जास्त करून सोनूबाईच भरलेली होती. चुलीवरून गॅसवर पहिल्यांदा कोण गेलं? सोनूबाई. शेणाच्या जमिनीवर पहिली शहाबादी फरशी कुणाची बसली? सोनूबाईची. त्या वर्षी गणपती दूध प्यायला लागले म्हणून सारा गाव चमचे घेऊन धावला, तेव्हाही सोनूबाईचा चमचा झरकन रिकामा झाला आणि उषाबाईचं दूध गणपतीच्या पोटावरून ओघळून तिच्याच पायावर आलं. ते तिला अजून आठवत होतं, गार आणि चिकट.

आणि आता ही डबी. दिवाळीनंतर सोनूबाई पुण्याला लेकाकडं गेली, महाराजांनी सांगितलेल्या टेकडीवर चढली आणि निळा काचेचा मणी घेऊन आली. काळ्या दोऱ्यात ओवून तिनं तो गळ्यात घातला. तेव्हापासून पदर सावरायचं निमित्त करून ती दिवसातून कितीदा तरी त्याला हात लावायची.

"बघू तरी, सोने," उषाबाईनं एकदा हात पुढं केला होता.

"हात लावू नका हं, जाऊबाई," सोनूबाई मागं सरकली होती. "ज्याचा त्याला असतो तो. महाराज म्हणले, दुसऱ्याचा हात लागला तर तडकतो."

त्या रात्री उषाबाईला जेवण गेलं नाही. देवीनं इतक्या मोठ्या मुलखात डब्या पेरल्या आणि एक तिच्या नावची नसावी? तिनं काय कमी उपास धरले होते?

म्हणून ती मांडवात आली होती. तिची पाळी आली तशी ती उठली, गुडघे मोडून बसली.

"वाट सांग!"

"माहेराला, महाराज. धामणवाडीला."

पडदा पडला. घंटा वाजली. पडदा वर आला तेव्हा महाराजांच्या कपाळाला आठी होती.

"न्हाई! तुझ्या वाटेवर डबी न्हाई. देवी पाठ करून बसलीय."

मांडवातून 'च् च् च्' असा आवाज उठला. मागं न बघताही उषाबाईला कळलं की सोनूबाईचा हात मण्यावर गेला असणार.

"माझं काय चुकलं, महाराज?"

महाराजांनी एक डोळा उघडला. "घरात औषध चालू आहे कुणाचं तरी. खरं का खोटं?"

"खरं, महाराज."

"रोजचं!"

"रोजचं. मालकांना शुगर हाय. दोन्ही वख्ताला सुई टोचते मी."

"सुई!" महाराज असे किंचाळले की जणू त्यांनाच टोचली. "अगं माय, देवी घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन राह्यली अन् तू लोखंड पाजळून बसली! सुई बंद, तर वाट चालू!"

संध्याकाळी उषाबाई शेजारच्या झुंबरबाईला सांगत होती, "बिलकुल काही बोलले न्हाई मी, तरी महाराजांनी सुई बराबर ओळखली!" आणि हे सांगताना ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं आठवत होतं. सुईची गोष्ट आपणच सांगितली, हे आशेनं तिच्या दांडग्या आठवणीतूनही पुसून टाकलं होतं.

तिचे मालक रखमाजी एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. ते म्हणाले, "चला, देवीला तरी माझ्या पोटाची कणव आली. डॉक्टरला न्हाई आली." आणि सुई बंद झाली.

पहिले काही दिवस रखमाजी खुशीत होते. मग माठ रिकामा व्हायला लागला. ते पाणी पीत, पुन्हा पीत, रात्री उठत, पुन्हा उठत. जेवताना डुलकी लागे. "ऊन लय हाय औंदा," ते म्हणत. उषाबाईही म्हणे, "ऊन लय हाय." पुढच्या गुरुवारी ती मांडवात पहिल्या रांगेत होती.

"सुई बंद केली, महाराज. आता बदनापूरला चालले, भाचीकडं."

पडदा पडला, घंटा वाजली, पडदा वर आला. या वेळी महाराज हसत होते.

"देवी वळली! स्टेशनाच्या पल्याड, शेताच्या बांधाला पडकी विहीर. मोटेचं थारोळं आहे. थारोळ्याच्या खालच्या दगडाआड हात घाल!"

उषाबाई उठली ती सोनूबाईच्या अगदी पुढून गेली. मुद्दाम.

रखमाजीला एकट्याला घरी ठेववेना, म्हणून तिनं त्यांना बरोबर घेतलं. बदनापूरला पोचून, भाचीच्या घरी पिशवी टाकून, दोघं विचारत विचारत विहिरीकडं निघाले. मोटा जाऊन जमाना झाला, पण दगडी थारोळं तसंच होतं. मोटेचं पाणी धबधबा पडायचं ती जागा. लहानपणी धामणवाडीला अशाच थारोळ्यात ती परकर खोचून बसायची. आता तिथं उदबत्त्यांच्या काड्या खोचलेल्या होत्या, दगडांवर कुंकवाचे पट्टे होते, नारळाच्या करवंट्यांचा ढीग पडला होता.

आणि थारोळ्यापाशी माणसं होती! एक पुरुष गुडघ्यावर बसून दगडाआड हात घालत होता. त्याची बायको वाकून मोबाईलचा उजेड दाखवत होती. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी टाळ्या पिटत उड्या मारत होती. तिघंही हसत होती. ना उपास, ना जप, पायात चपला तशाच.

माझी डबी! माझ्या मालकानं सुई सोडली ती माझी डबी! उषाबाई पदर खोचून धावली.

"ओ भाऊ! हात काढा आधी! ती माझी डबी हाय!"

माणूस दचकून उभा राहिला. त्याच्या हातात झाकणाची एक हिरवी डबी होती. मुलगी मात्र गंभीरपणे म्हणाली, "नाही आजी, ही आमची आहे. अब्बूंनीच ठेवलीय इथं."

"देवीनं ठेवलीय!"

"अम्मी, इसमें तो नींबू है!" मुलीनं तोवर डबी उघडली होती. "टाचणी टोचलेला! माझी गोटी गेली, रबर गेलं, छोटी मोटार पण गेली. आणि नावाच्या चिठ्ठीवर लोकांनी नवस लिहून ठेवलेत. हे बघा, 'म्हैस गाभण राहू दे.'"

त्या माणसाचं नाव साजिद. बियाण्याच्या व्यापारात होता, नवीन जालन्यात राहायचा. बायको सबा शाळेत विज्ञान शिकवायची. मुलगी महजबीन. सबानं उषाबाईला थारोळ्याच्या काठावर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "मावशी, देवीनं ठेवलीय हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

उषाबाईनं महाराज, पडदा, घंटा सगळं सांगितलं. सबा आणि साजिद एकमेकांकडं बघत राहिले. मग सबानं मोबाईल पुढं केला.

"मावशी, हा एक खेळ आहे. साऱ्या दुनियेत खेळतात. कुणीतरी डबी लपवायची आणि तिची जागा नकाशावर टाकायची. दुसऱ्यानं मोबाईल बघत बघत यायचं, शोधायची, नाव लिहायचं, एक वस्तू घ्यायची, एक ठेवायची आणि डबी परत लपवायची. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू द्यायची नाही, नाहीतर लोक उचलून नेतात."

"एक घ्यायची, एक ठेवायची," उषाबाई पुटपुटली. "कुणाला दिसू द्यायची न्हाई."

"खेळाचे नियम आहेत ते."

"आम्ही रोज संध्याकाळी नवीन डबी बनवतो," महजबीनला थांबवणं अवघड होतं. "अब्बू रंग देतात, मी आत खेळणी भरते. आणि गावाला गेलो ना, तर आधी डबी, मग बाकीचं! हैदराबादला दादाजान म्हणत होते आधी बिर्याणी, तरी आम्ही त्यांना तलावाच्या बाकड्यापाशीच नेलं. गोव्यात अब्बू चिखलात पडले. अम्मी तर हसून हसून खालीच बसली!"

उषाबाई त्या तिघांकडं बघत राहिली. रखमाजी आणि ती असं कधी कुठं वाकून, मिळून, हसत काही शोधत होती? देवदर्शनाला गेली ती रांगेत उभी राहून, एकमेकांवर वैतागून परत आली. हे तिला मण्यापेक्षाही जास्त झोंबलं.

"पुण्याला टेकडी हाय म्हणं एक," ती हळूच म्हणाली. "कोथरूडपाशी."

महजबीननं नकाशावर बोट फिरवलं. "ही का? इथं आहे डबी. बघा, खाली खूणही लिहिलीय: 'झाडाच्या ढोलीत.'"

ती ढोली सोनूबाईनं गावभर वर्णन करून सांगितली होती. उषाबाईला पहिल्यांदा काय वाटलं? खरं सांगायचं तर आनंद झाला. उन्हातून आल्यावर घोटभर गार पाणी मिळावं तसा आनंद. सोनूबाईचा मणी म्हणजे कुणाच्या तरी पोराचं खेळणं! ती मनातल्या मनात लिंबोळ्याला पोचलीसुद्धा, भिंतीवरून वाकून हाकही मारली, "सोने, ऐकलंस का गं?"

आणि मग त्याच वाटेनं दुसरा विचार आला. डबी खोटी, तर मग सुईचं काय?

तिनं वळून बघितलं. रखमाजी मागच्या दगडावर बसले होते. मान छातीवर पडली होती, तोंड उघडं होतं.

"अहो?" तिनं हाक मारली. "अहो!" मग सबाला म्हणाली, "शुगर हाय ह्यांना, सुई बंद हाय!"

सबा धावली. साजिदच्या वडलांना शुगर होती, म्हणून गाडीत तपासायचं यंत्र असायचं. तिनं रखमाजीच्या बोटातून थेंब काढला. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, साखर त्याच्या मोजमापाच्या वर गेली होती.

"सुई कधीपासून बंद आहे?" सबानं विचारलं. "आठवडा होऊन गेला," उषाबाई म्हणाली.

"जल्दी करा, उचला," साजिद म्हणाला.

जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं रखमाजीला सलाईन लावलं, इन्सुलिन सुरू केलं आणि बाहेर येऊन उषाबाईला विचारलं, "आजी, औषध कुणी थांबवलं?"

"देवीनं," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "मीच."

डॉक्टर म्हणाला, "उद्या आणलं असतं तर कदाचित मयत ताब्यात घ्यायची सही करायलाच बोलावलं असतं तुम्हाला."

रखमाजी वाचले. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलले, "डबी मिळाली का?" उषाबाई तोंडावर पदर घेऊन रडली.

ती दवाखान्यात होती तेवढे दिवस सबा रोज शाळा सुटली की यायची. एका संध्याकाळी साजिदही आला. उषाबाई म्हणाली, "तुम्ही तिघं चला लिंबोळ्याला. मोबाईल दाखवा, सांगा लोकांना."

साजिदनं मान हलवली. "मावशी, आम्ही मांडवात उभं राहून बोललो, तर गोष्ट डबीची राहणार नाही. ती भलतीकडंच जाईल. तुम्हाला माहीत आहे."

उषाबाईला माहीत होतं.

"मी बोलले तर म्हणतील, जावेचा मणी बघून जळते," ती म्हणाली. "अन् ते खोटं न्हाई."

सबा विचार करत होती. "तो फक्त नकाशाखालची खूण वाचून बोलतो. आपण लिहू ते तो बोलेल. मावशी, असे काही शब्द सांगा, जे तुमच्या गावच्या बायकांना झोपेतही पाठ आहेत. पण बाहेरच्या पुरुषाला माहीत नाहीत."

मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि त्याबरोबर थोडी लाजही.

"हाय एक. पण तुम्ही हसाल."

लग्न होऊन आल्यापासून प्रत्येक हळदीकुंकवाला, प्रत्येक बारशाला ती एकच उखाणा घेत आली होती. दुसरा तिला कधी जमलाच नाही. सोनूबाई दर संक्रांतीला नवा कोरा उखाणा घ्यायची आणि वर हिला टोमणा मारायची, "जाऊबाई, सवाष्णीनं चुडा काढून कोनाड्यात विसरायचा असतो होय?" सारा गाव त्या उखाण्याला हसत आला होता.

पुढच्या रविवारी साजिदचं कुटुंब धामणवाडीला गेलं. गावच्या जुन्या बारवेतल्या कोनाड्यात त्यांनी डबी ठेवली. नकाशावर जागा टाकली आणि खाली खूण म्हणून महजबीननं उषाबाईच्या उखाण्याचा पहिला अर्धा भाग लिहिला. नवी डबी खेळ चालवणाऱ्यांकडून मंजूर व्हावी लागते, तेवढी वाट त्यांनी पाहिली. ती नकाशावर दिसू लागली, तसा सबानं उषाबाईला फोन केला.

गुरुवार आला. मांडव नेहमीसारखा भरला होता. उषाबाईला बघून सोनूबाईनं विचारलं, "आल्या का, जाऊबाई? भाऊजींचं कसं काय? बदनापूरला मिळालं का काही?"

"मिळालं की," उषाबाई म्हणाली आणि पुढं जाऊन बसली.

"वाट सांग!"

"माहेराला, महाराज. धामणवाडीला."

महाराजांनी तिला ओळखलं. कपाळाला जुनी आठी घालत ते आत गेले. घंटा वाजली. ती वाजता वाजता मध्येच थांबली, मग दुप्पट जोरानं वाजली. पडदा वर आला तेव्हा महाराजांचा चेहरा उजळला होता.

"देवी प्रसन्न! जिथं डबी नव्हती तिथं देवीनं आज डबी ठेवली! ऐक, माय, देवीचे शब्द जसेच्या तसे ऐक!" त्यांनी दोन्ही हात वर केले, डोळे मिटले आणि घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द ताणून म्हटलं:

"बारवेच्या कोनाड्यात... विसरले... हिरवा चुडा..."

मांडवात एक क्षण काहीच झालं नाही. मग मागून झुंबरबाईच्या तोंडून, नुसत्या सवयीनं निघालं, "रखमाजीरावांचं नाव घेते..."

आणि बायकांची सगळी बाजू एका सुरात, "वाट माझी सोडा!"

हसू असं फुटलं की मांडवाचे बांबू हलले. महाराज हात वर करून तसेच उभे. कुणीतरी ओरडलं, "महाराज, रखमाजीराव तुमचे कोण लागतात?" दुसरी म्हणाली, "अगं, ह्यांनाबी संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलवा!" पुरुषांना आधी काही कळेना. मग त्यांच्या बायकांनी सांगितलं आणि तेही हसू लागले.

"देवीची लीला!" महाराज ओरडले. "देवी कोणत्याही तोंडानं बोलते!"

"देवी न्हाई बोलली," उषाबाई उठून उभी राहिली. "तो उखाणा माझा हाय, अन् तुमच्या फोनात एका शाळकरी पोरीनं लिहिलाय. माझ्या सांगण्यावरून."

तिनं आपला मोबाईल वर धरला. साजिदनं तिच्यासाठी त्यात तो खेळ घालून दिला होता. "हे बघा, समद्यांनी बघा. ही धामणवाडी. हे बदनापूर. हे हैदराबाद. जिथं टिपका, तिथं डबी. जिथं टिपका न्हाई, तिथं तुमचं पाप! लेकरांचा खेळ हाय हा. ह्यो माणूस पडद्याआड जाऊन वाचतो अन् बाहेर येऊन देवीच्या नावानं बोलतो. टॉवर बंद तर मौन का असतं, कळलं का आता?"

"बाई पिसाळली! हिला बाहेर काढा!" महाराज किंचाळले.

"काढा की. पण आधी फोन माझ्याजवळ द्या अन् पडद्याबाहेर बसून एक डबी सांगा. मी पाया पडते."

महाराजांनी पडदा ओढायला हात घातला, पण पुढच्या रांगेतल्या माणसांनी तो आधीच धरला होता. पडदा दोरीसकट खाली आला. आत देवीची तसबीर होती, घंटा होती, आणि तसबिरीच्या पाठीमागं चार्जिंगला लावलेला मोबाईल. त्यावर धामणवाडीची बारव, आणि खाली उखाणा.

भुजंग आधी पर्यटकांची गाडी चालवायचा, हे नंतर पोलिसांना त्यानंच सांगितलं. लेण्यांपाशी एक परदेशी कुटुंब मोबाईल बघत बघत दगडाआडून डबी काढताना त्यानं पाहिलं होतं. त्यांनी त्याला हौसेनं खेळ शिकवला. बाकीचं त्यानं आपल्या मनानं वाढवलं. जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. पण हे सगळं नंतरचं. त्या घडीला तो पडलेल्या पडद्याकडं बघत नुसता उभा होता.

हसू ओसरलं. लोक आपापल्या गळ्यातल्या वस्तूंकडं बघेनात.

उषाबाईनं ठरवलं होतं की आता वळायचं आणि सोनूबाईला म्हणायचं, "ढोलीतला मणी तडकला का गं?" ते वाक्य तिनं दवाखान्यात कितीदा घोटलं होतं. पण ते ओठावर आलं नाही. तिला रखमाजीची छातीवर पडलेली मान दिसली.

ती लोकांकडं वळली. "माझ्या मालकाची सुई मी ह्याच्या सांगण्यावरून बंद केली. माणूस जाता जाता राह्यला. अन् मला देव पाहिजे होता म्हणाल, तर तसंबी न्हाई. शेजारणीला मिळालं, ते मला पाहिजे होतं. तेवढंच. आपल्या मनातला हेवा ज्याला दिसला, त्याला आपल्या घराचं दार उघडंच सापडतं. बाबांनो, देवाला हात जोडा, ना कोण म्हणतं. पण कुणी पडद्याआड गेला की पडदा उचला. जे दाखवतो ते उजेडात, समद्यांसमोर, पुन्हा करून दाखव म्हणा. अन् डॉक्टरनं दिलेलं औषध डॉक्टरशिवाय कुणाच्या तोंडून बंद करू नका. तुमच्यापैकी कुणाकुणाला काय काय सोडायला लावलंय, ते सांगा एकदा."

मग झुंबरबाई मान खाली घालून म्हणाली, "माझ्या नातीच्या फिटच्या गोळ्या."

एक शेतकरी म्हणाला, "टी.बी.चं औषध. निम्मं झाल्तं."

मागून आणखी एक आवाज आला, मग आणखी एक. उषाबाई एकेकाकडं बघत होती. तिच्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. सोनूबाई. तिचा पदर घट्ट आवळलेला होता.

"जाऊबाई," ती इतक्या हळू बोलली की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. "मी पुण्याला कशाला गेल्ते, ते तुम्ही कधी इचारलंच न्हाई."

"लेकाकडं गेल्तीस."

"तपासायला गेल्ते. छातीत गाठ हाय. मोठ्या दवाखान्यातली तारीख घेतली होती पोरानं. आदल्या दिवशी डबी सापडली. ह्यानं सांगितलं होतं, डबी मिळाली तर गाठ विरघळली समज, चाकूला अंग दाखवू नको. म्हणून गेलेच न्हाई." तिनं मण्याला हात लावला. "रोज चाचपून बघते. मणी न्हाई हो, गाठ. पदर सावरल्यासारखं करून."

एवढे महिने उषाबाईनं त्या हाताचा हेवा केला होता. एका भिंतीपलीकडं ही बाई रात्र रात्र काय चाचपत पडली असेल, हे तिच्या मनालाही शिवलं नव्हतं.

"दुखतं का?" तिनं विचारलं.

"न्हाई. म्हणून तर वाटलं, बरी झाली."

"डॉक्टर सांगतील बरी झाली का न्हाई ते. हातानं कळत न्हाई, मण्यानं कळत न्हाई." उषाबाईनं तिचा दंड धरला. मांडवाबाहेर जीपवाले गर्दी लवकर फुटली म्हणून गोंधळले होते. एकाला तिनं हाक मारली.

"जालना चल. मोठा दवाखाना. झुंबरबाई, नातीला घ्या, तुम्हीबी या. अन् ते टी.बी.वाले भाऊ कुठं गेले? या, बसा."

"आत्ताच?" सोनूबाई म्हणाली. "घरी सांगून येते की. पोराला फोन करते."

"फोन गाडीतून कर," उषाबाई म्हणाली आणि तिला जीपमध्ये चढवून आपण तिच्याजवळ दाटीवाटीनं बसली.